पुरेशी बंदूक

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातले तेरावे कलम मी वाचले ते एका स्नेह्याच्या अर्जाच्या निमित्ताने. कायद्याची भाषा एरवी कोरडी, हात झटकून पुढे जाणारी. पण या कलमात ती एके ठिकाणी क्षणभर विचारात पडल्यासारखी वाटते. पिकाच्या राखणीसाठी खरोखर गरज असेल, तर शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे ते कलम सांगते. आणि लागलीच पुस्ती जोडते की, एखाद्या ठिकाणची परिस्थिती पाहता ठासणीची बंदूक पुरेशी होणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याला बिनपिळाच्या नळीची दुसरी बंदूकही मंजूर करता येईल. बंदुकांच्या जातीत ठासणीची बंदूक सर्वांत गरिबाची. म्हणजे गरिबाची बंदूक कामाला पुरते का, हा प्रश्न आपल्या संसदेनेच कायद्याच्या पोटात घालून ठेवला आहे. मात्र ‘पुरेशी’ म्हणजे कशाला पुरेशी, हे कायदा सांगत नाही. ते ज्याचे त्याने आपापल्या बांधावर उभे राहून ठरवायचे.

ज्यांच्यासाठी मी हे कलम वाचले ते स्नेही शिराळा तालुक्याच्या पश्चिम टोकाला राहतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि वडिलार्जित शेतीवर परतले. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात थ्री-नॉट-थ्री खांद्यावर वागवली होती. यांच्या वाट्याला पुढची सेल्फ लोडिंग रायफल आली. आता अडीच एकर जमीन. खाली भातखाचरे, वरच्या अंगाला भुईमूग आणि थोडी नाचणी. त्याच्याही वर चांदोलीचे रान. हे रान १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. आतली गावे उठली, पडीक खाचरांवर कारवी आणि गवत माजले, जनावरे वाढली. मला त्याचा आनंदच आहे. पण हा आनंद सांगलीत बसून करण्याचा आहे, हेही मला समजते. रानडुकरांचा कळप एका रात्री भुईमुगाच्या वावरात उतरला की सकाळी तिथे नांगरट झाल्यासारखी जमीन दिसते. शेंगा खाऊन होतात त्याहून अधिक उकरून वाया जातात. घरातल्या माणसाच्या आजारपणाचा खर्च, नातवंडांच्या शाळेची फी, सोसायटीचा हप्ता हे सारे त्या उकरलेल्या मातीतच असते.

हवालदारसाहेबांचा प्रश्न असा होता. शेजारच्या तालुक्यात एक परवानाधारक वारले होते. त्यांची ०.३१५ बोअरची भारतीय रायफल वारस विकू पाहत होते, आणि ती स्वस्तात. “सर, एवढ्या पैशांत रायफल येतेय. पण स्वस्तातली म्हणून मन कचरतं. कामाची ठरेल का?” मला विचारण्याचे कारण एवढेच की, सांगलीच्या एका शाळेत शिकवीत असताना अनेक वर्षे मी एन.सी.सी.चा अधिकारी होतो, आणि मुलांना नेमबाजी शिकवण्याचे काम माझ्याकडे होते. शिकारी मी कधीच नव्हतो.

त्या रायफलीची हकीकत आधी सांगतो, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने लष्कराच्या ०.३०३ बोअरचे काडतूस हिंदुस्थानातल्या नागरिकांच्या हाती जाऊ नये असे ठरवले. तेव्हा ज्यात लष्करी काडतूस बसणार नाही अशा मापाच्या शिकारी रायफली निघाल्या, ०.३१५ ही त्यांतलीच. तिची नळी वेगळी, काडतूस वेगळे, पण बोल्ट आणि अंगलट जुन्या लष्करी ली-एन्फील्डची. स्वतंत्र भारतात ती इशापूरच्या सरकारी कारखान्यात होत राहिली आणि तिची काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यात. १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसाला बंद झाली, आणि तेव्हापासून ज्याला रायफल हवी त्याच्यापुढे बहुधा हीच उरली. तिचा दस्ता ओबडधोबड, रंग उडालेला, चाप जड. विलायती रायफलीशेजारी ठेवली तर गावच्या लोहाराने घडवल्यासारखी दिसते. पण जिच्या बोल्टने दोन महायुद्धांतला चिखल पचवला, तिच्या पोटात खोट नाही. साठ पावलांवरच्या डुकराला ती चुकत नाही. चुकतो तो माणूस.

हे मी पोरांच्या नेमबाजीवरून सांगतो. आमच्याकडे ०.२२ च्या रायफली होत्या. कितीतरी पिढ्यांनी हाताळून त्यांचे दस्ते गुळगुळीत झालेले. पंचवीस मीटरांवर कागदी लक्ष्य. दरवर्षी एखादा मुलगा तक्रार करी, “सर, माझी रायफल वाकडी मारते.” मी ती रायफल घेऊन दुसऱ्या, शांत स्वभावाच्या मुलाच्या हाती देई. पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ पडत. जुन्या हत्याराला आपली एक खोड असते. पण ती खोड कायम असते. ती ओळखायला गोळ्या झाडाव्या लागतात, आणि खरी टंचाई तिथे आहे. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली. ती मोजून मिळतात, जपून ठेवली जातात, आणि वर्षाकाठी दोन-चार उडवली जातात तीही अंधारात, धडधडत्या छातीने. अशा माणसाच्या हाती उंची विलायती रायफल दिली तरी तिचा काय उपयोग होणार?

जिम कॉर्बेटच्या नावाचा उल्लेख इथे टाळता येत नाही. कुमाऊँमधल्या नरभक्षक वाघांच्या कथांमुळे त्याची रायफल लोकांना ठाऊक आहे. पण लहानपणी त्याने हात बसवला तो एका दुनळी ठासणीच्या बंदुकीवर. तिची एक नळी फाटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने बांधून ठेवलेला होता. फाटक्या नळीत बार भरायचा नाही, एवढे पथ्य पाळून तो मुलगा जंगल शिकला. दक्षिणेत केनेथ अँडरसननेही संस्थानिकांच्या दुनळी रायफलींच्या मानाने साधी अशी अमेरिकन विंचेस्टर आयुष्यभर वापरली. धनिकांच्या भिंतींवर टांगलेल्या नक्षीदार बंदुकांनी केवढी शिकार केली ते त्यांचे त्यांना ठाऊक.

मला मात्र कॉर्बेटपेक्षा आमच्या कोयनेच्या वसाहतीतले एक अंकल अधिक आठवतात. माझे वडील कोयना प्रकल्पावर फिटर होते. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या भूकंपानंतर आम्ही सांगलीला आलो. त्याआधीचे माझे सारे बालपण पाटण तालुक्यातल्या त्या पावसात गेले. अंकल मूळचे गोव्याचे, यंत्रशाळेत मेकॅनिक. त्यांच्याकडे बेल्जियमची एक दुनळी बारा बोअर होती. त्या काळी बेल्जियमच्या बंदुका म्हणजे स्वस्त माल. इंग्लिश बंदूक परवडत नाही त्याने ती घ्यायची. तेव्हा परवाना काढून शिकार करता येई. १९७२ चा वन्यजीव कायदा अजून यायचा होता. नाताळच्या आधी अंकल दोन-तीन रात्री बाहेर पडत, आणि एखादे डुक्कर आले तर वसाहतीतल्या चार-पाच ख्रिस्ती घरांत वाटा पोचत असे. पण पुष्कळदा ते रिकाम्या हाताने परत येत. वडिलांनी एकदा विचारले, “डुक्कर दिसलंच नाही का?” अंकल म्हणाले, “दिसलं ना. चाळीस पावलांवर होतं. माझी बंदूक पंचवीस पावलांची आहे.”

ही पंचवीस पावले त्यांनी मोजून काढली होती. यंत्रशाळेतल्या जुन्या पत्र्यावर बार टाकून छर्रे कुठे आणि किती खोल बसतात ते पाहिले होते. बंदुकीची मर्यादा जाणून त्यांनी आपली हाव तेवढीच ठेवली होती. नाताळला त्या वर्षी कोंबडी झाली. आम्हा मुलांचा विरस झाला, एवढेच.

त्याच रानात दुसरीही गोष्ट घडली. खोऱ्यातल्या एका वाडीतल्या शेतकऱ्याने संध्याकाळच्या अंधुक उजेडात ठासणीच्या बंदुकीने डुकरावर बार काढला. ठासणीचे तंत्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, त्यावर चिंध्यांचा किंवा काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे किंवा शिशाची गोळी, पुन्हा बोळा, पुन्हा गज. मागे घोड्याखाली टोपी बसवायची. सराव असलेल्या माणसालाही एक बार भरायला अर्धा-पाऊण मिनिट लागते, आणि तेही दिवसाउजेडी. कोयनेसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो, तिथे दारू सर्द होते आणि बार फुसका जातो. त्या शेतकऱ्याचा बार फुसका गेला नाही. छर्रे लागले, पण नर डुकराच्या खांद्यावर चिवट कातडीची ढालच असते. छर्रे तिच्यातच अडकले. डुक्कर गेले. सकाळी तो माग काढीत गेला, दुसरा बार भरलेला नव्हता. करवंदीच्या जाळीतून डुक्कर निघाले आणि त्याची मांडी उभी फाडून गेले. घोंगडीत घालून त्याला प्रकल्पाच्या दवाखान्यात आणले तेव्हा आम्ही मुले शाळेतून येत होतो. तो वाचला, पण पुढे त्याला काठीशिवाय चालता आले नाही.

अंकलच्या आणि त्याच्या बंदुकीत पैशाचा फरक होताच. पण मला त्याहून मोठा वाटतो तो दुसऱ्या नळीचा फरक. पहिला बार चुकला तर हातात काय उरते, हे बंदूक घेताना विचारायचे असते. आणि ते केवळ आपल्यासाठी नाही. छर्रे अंगात घेऊन पळालेले जनावर दहा-दहा दिवस कुजत मरते. त्याने भुईमूग खाल्ला होता हे खरे. एवढ्यासाठी त्याला असे मरण द्यावे, असे देवाच्या सृष्टीकडे पाहणाऱ्या कोणालाही वाटू नये.

मग रायफल बरी, असे कोणी म्हणेल. हवालदारसाहेबही तसेच म्हणाले. मी त्यांच्या शेतावर गेलो तेव्हा दोघे संध्याकाळी वरच्या बांधावर उभे राहिलो. समोरच्या उतारावर धनगरवाड्यातले चार दिवे लागले होते. खाली ओढ्याकाठी कोणीतरी म्हशी घेऊन येत होते. माणूस दिसत नव्हते, नुसती हाळी ऐकू येत होती. ०.३१५ ची जड गोळी दोन किलोमीटरच्या पुढे सहज जाते. डुकराच्या आरपार गेली किंवा दगडावर आपटून उडाली, तर ती कुठे थांबेल हे रात्रीच्या अंधारात कोण सांगणार? छर्रा दोन-तीनशे पावलांत दम सोडतो आणि पाचोळ्यात पडतो. कायद्याने पिकाच्या राखणीला बिनपिळाच्या नळीपर्यंतच परवानगी का ठेवली असावी, हे त्या बांधावर उभे राहिल्यावर मला पटले. आपल्या डोंगरात वस्ती विरळ आहे असे नकाशात दिसते. पण जिथे पाणी तिथे माणूस, आणि डुक्करही तिथेच. हवालदारसाहेब बराच वेळ त्या दिव्यांकडे पाहत होते. युद्धभूमीवर समोर कोण आहे ते ठाऊक असते, असे काहीसे ते पुटपुटले.

माझे उत्तर तिथेच ठरले. ती रायफल स्वस्त आहे म्हणून नाकारण्याचे कारण नव्हते. नळीत गंज नसेल, बोल्टवरचा आणि अंगावरचा क्रमांक एकच असेल, दस्त्याला तडा नसेल, तर ती चांगलीच रायफल होती; या कामासाठी ती गरजेहून अधिक होती. अधिक असणे हीदेखील उणीवच.

जाता जाता कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आपल्या भागात अजून पुष्कळांना वाटते की परवान्याची बंदूक असली की झाले. बंदुकीचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाला धोका होत असेल तर रानडुकरासारख्या जनावराच्या बाबतीत लेखी परवानगी मिळू शकते. २०१५ साली राज्य शासनाने रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यापुरती ही वाट स्थानिक वनाधिकाऱ्यांपर्यंत आणून सोपी केली. गव्याचे तसे नाही. तो पहिल्या अनुसूचीतला. पिकाच्या नुकसानीसाठी त्याच्यावर बंदूक रोखताच येत नाही. उसात पिले घालणाऱ्या बिबट्याचेही तेच. कराडपासून शिराळ्यापर्यंत बिबट्याची धास्ती घेतलेले लोक बंदुकीची भाषा बोलतात तेव्हा त्यांची भीती मला कळते, पण त्या कामाला कोणतीही बंदूक पुरेशी नाही, महागही नाही. तिथे गोठ्याचे दार आणि अंगणातला दिवा अधिक कामाचे.

म्हणजे वर्षातल्या बहुतेक रात्री शेतकऱ्याच्या बंदुकीचे काम आवाज करण्याचे. त्यासाठी मात्र ठासणीची बंदूक उत्तम. नुसती दारू आणि बोळा ठासून हवेत बार काढला की सारे खोरे घुमते, नाकाला धुराचा वास बसतो, कळप रानात परततो. तिची दारूही काडतुसाच्या मानाने स्वस्त. तिचा मोठा शत्रू पाऊस. दुसरा शत्रू निवडणूक, असे हवालदारसाहेब हसून सांगतात. विधानसभेच्या निवडणुका २०१४ आणि २०१९ साली ऑक्टोबरात झाल्या, २०२४ साली नोव्हेंबरात. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पुष्कळदा पोलीस ठाण्यात जमा होतात. भात पोटरीत, भुईमूग काढणीला, आणि बंदूक ठाण्यात. डुकरांना या तारखा कोण कळवतो, असे ते विचारतात.

याहून स्वस्त उपायही आहेत, आणि त्यांच्याविषयी लिहिताना हात आखडतो. विजेच्या खांबावरून तार ओढून शेताभोवती सोडायची. किंवा पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून वाटेत ठेवायचे. पहिल्याने पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी मरतो, दुसऱ्याने गाईचा जबडा उडतो. हे सारे बंदुकीपेक्षा कमी पैशांत होते आणि त्याला परवाना कोणी मागत नाही. सौर कुंपण महाग खरे, पण चार शेतकऱ्यांनी मिळून घेतले तर जमते; त्याचा झटका हाकलतो, मारत नाही.

आमचे माडगूळकर, म्हणजे कथाकार व्यंकटेश माडगूळकर, सांगली जिल्ह्यातल्या माणदेशातलेच. त्यांनी शिकारीसाठी बंदूक घेऊन रान तुडवले आणि पुढे नागझिऱ्यात नुसते पाहत राहिले. हवालदारसाहेबांना मी एकदा त्यांची पुस्तके नेऊन दिली. ती वाचून ते म्हणाले, “सर, हे खरं आहे. पण त्यांचा भुईमूग नव्हता तिथं.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

त्यांनी रायफलीचा नाद सोडला. तेराव्या कलमातल्या पुस्तीचा आधार घेऊन दुनळी बारा बोअरसाठी अर्ज केला. त्यात ठासणीची बंदूक का पुरत नाही याची कारणे आम्ही दोघांनी बसून लिहिली. पावसाचे मान, नरांच्या कळपातल्या वर्दळीच्या वाटा, एकाच बारानंतर रिकामी होणारी नळी, आणि समोरच्या उतारावरचा धनगरवाडा. हे शेवटचे कारण रायफल नको म्हणून होते. ते अर्जात कशाला, असे कारकुनाने विचारले. हवालदारसाहेबांनी ते तसेच राहू दिले.

अर्जाची चौकशी सुरू आहे. तोवर वडिलांची ठासणीचीच बंदूक. मी पंचवीस पावलांची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी जुन्या पत्र्यावर बार टाकून पाहिले. त्यांच्या बंदुकीची पावले अठरा निघाली. माळ्याच्या खांबापासून तेवढ्या अंतरावर त्यांनी चारी बाजूंना चुन्याचे दगड रोवले आहेत. दारूचा डबा वहिनींनी चुलीपासून दूर, पण उबेच्या फळीवर ठेवला आहे. वाडीतल्या तिघांनी राखणीच्या पाळ्या लावून घेतल्या. या कार्तिकात भुईमूग काढला तेव्हा किती गेला म्हणून मी फोनवर विचारले. चार पोती, ते म्हणाले. गेल्या साली अकरा गेली होती. आणि चुन्याच्या दगडाच्या आत एकही डुक्कर आले नाही, म्हणून छर्ऱ्यांची पुडी अजून तशीच बांधलेली आहे.